सूर्य बुडाल्यावरचे तीन घोट

साहेब, तो मेसेज तुमच्याच ग्रुपवरून निघाला. ग्रुपच्या नावाशेजारी तुमचा टोपीतला फोटो आहे. नाही म्हणू नका. माझ्या डोळ्यांसमोर एका माणसानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि वाचताना त्याच्या दुसऱ्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

काल तुम्ही मला पोलीस ठाण्यात बोलावून टाईप केलेला कागद पुढं केला. म्हणाले, "रेणूबाई, वाचत काय बसल्या, खाली सही करा." मी वाचला. त्यात लिहिलंय, अनोळखी साठ ते सत्तर इसमांनी वृद्ध महिलेस बळजबरीने पाणी पाजून तिच्या धार्मिक भावना दुखावल्या. मेसेजबद्दल एक ओळ नाही. मी विचारलं, मेसेजचं कुठंय? तुम्ही म्हणाले, त्याचा इथं संबंध न्हाई.

मी सही करत नाही. काय झालं ते माझ्या हातानं लिहिते. वस्तीवाल्यांची नावं बदलली आहेत आणि वस्तीचं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा शोधत बसू नका.

मी जालन्यात श्रेणिकभैय्यांच्या घरी अकरा वर्षं काम करते. त्यांचा बियाण्यांचा धंदा. माझं काम त्यांची आई, लाडबाई. आम्ही बाईजी म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. अंघोळ, तेल, गोळ्या, गुडघे चोळणं, आणि त्यांचं पाणी उकळून गाळून थर्मासात भरणं. त्यांचे मालक कचरूलालजी गेल्याला सव्वीस वर्षं झाली. त्या दिवसापासून सूर्य बुडाल्यावर बाईजींच्या तोंडात अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. जैन लोक त्याला चौविहार म्हणतात. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही डॉक्टरला सांगून ठेवलं होतं, काय गोळी द्यायची ती पाचच्या आत द्या. सूर्य कधी बुडणार ते कॅलेंडरात बघून मी रोज सकाळी ओट्याच्या फरशीवर पेन्सिलीनं लिहिते. माझी नोकरी त्या आकड्यावर चालते म्हणा ना.

पेत्रा जुलैत आली. युरोपातल्या चेक देशाची, सतरा वर्षांची, दाराच्या चौकटीएवढी उंच. भैय्यांची मुलगी मुस्कान तिच्या घरी तिकडं गेली आणि ती इकडं आली. वर्षभर तिकडची पोरगी इथं राहणार, इथली तिकडं, एकमेकींच्या घरात शिकणार. दोन घरांनी पोरी बदलून घेतल्या असं मी माझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, मंग परत देताना वजनं करून घेतील का?"

मुस्कानच्या आईनं, म्हणजे रुचिभाभींनी, पेत्राला हिंदी शिकवायला घेतलं. पण पोरगी दिवसभर माझ्यामागं स्वयंपाकघरात, त्यामुळं ती आमचं बोलायला लागली. पाहुणे आले की दारातच म्हणायची, "बसा की, जल्दी काय हाय?" भाभी कपाळाला हात लावायच्या. फोनवर मुस्कान तिकडून सांगायची की मला इथं रोज बटाटा देऊन राह्यले, आणि पेत्राची आई पलीकडून हसायची.

जानेवारीतला रविवार. बाईजींनी ठरवलं की पेत्राला टेंभुर्णी दाखवायची. कचरूलालजींनी पहिलं दुकान तिथं टाकलेलं. "पोरीनं वेरूळ पाह्यलं, अजिंठा पाह्यलं, आणि आपलं मूळ न्हाई पाह्यलं," म्हणाल्या. गाडी पांढरी. भैय्या चालवायला, त्यांच्या शेजारी गुडघ्यामुळं बाईजी, मागं भाभी, पेत्रा आणि मी. पुऱ्या, मूग, बाईजींसाठी वेगळा डबा आणि तो थर्मास.

टेंभुर्णीत दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्ती आहे. तरी बाईजी उंबऱ्याशी दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मंग ओळखीचे लोक निघाले, चहा निघाला, आणि पेत्राचा कॅमेरा निघाला. हा कॅमेरा नीट समजून घ्या साहेब, कारण सगळं त्यावर आलं. त्यातून फोटो लगेच बाहेर येतो. आधी कागद कोरा असतो. मिनिट-दोन मिनिटांनी त्यावर हळूहळू चेहरा उमटतो. थंडीत तो उमटायला वेळ लावतो, म्हणून पेत्रा तो जाकिटाच्या आत काखेत धरते. अर्ध्या बाजारानं तिच्याकडून फोटो काढून घेतले. निघायला पाच वाजले.

मी म्हणाले, "भैय्या, आज सहा-चार."

"पोचतो की राजूरपर्यंत," भैय्या म्हणाले.

नाही पोचलो. रस्त्याचं काम चालू, एकच बाजू उघडी, पुढं कापसाचे दोन ट्रॅक्टर. बाईजी काचेतून उन्हाकडं बघत होत्या. साडेपाच उलटले तसं म्हणाल्या, "श्रेणिक, थांबव बेटा. मला सूर्य दिसतोय तवर दोन घास खाऊ दे."

रस्त्याकडेला लिंबाचं झाड, त्याखाली ओटा. पलीकडं हापसा आणि पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथं थांबलो. दुसरं कुठं थांबायला पाहिजे होतं का, हे मी त्यानंतर शंभरदा मनात विचारलं. दोन किलोमीटर पुढं एक हॉटेल होतं. पण हॉटेलात बाईजी बसत नाहीत.

त्यांनी दोन फुलके खाल्ले, मुगाची डाळ खाल्ली. मंग ताटात थर्मासातलं थोडं पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं आणि ते धुवण पिऊन टाकलं. ताटात कण राहू द्यायचा नाही, असा त्यांचा नियम. मला त्याचं काही वाटत नाही, रोजचं आहे. पण हापशाकडून एक पाच वर्षांची पोरगी बघत आली होती. तिला हे बघून इतकं हसू आलं की ती खालीच बसली. "आजीनं ताटाचं पाणी पिलं!" बाईजी पण हसल्या. मंग पेलाभर पाणी पिऊन त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, नियम घेतला. आता उद्या उन्हं वर येईपर्यंत काही नाही. माझ्या फोनमध्ये पाच छप्पन झाले होते.

पेत्रानं त्या पोरीचा हसतानाचा फोटो काढला. कोरा कागद बाहेर आला. पोरगी म्हणाली, "मी कुठंय?"

"थांब की, येते तू," पेत्रा म्हणाली.

वारा सुटला होता, चांगलाच गार. फोटो उमटेना. पेत्रानं तो काखेत धरला आणि पोरीला म्हणाली चल, आत बसू, आत गरम हाय. पोरगी मागच्या सीटवर चढली. वारं आत येतंय म्हणून पेत्रानं दार ओढून घेतलं.

एवढंच झालं, साहेब. एक दार ओढलं.

मी बाईजींचं ताट पुसत होते. हापशावरून किंकाळी आली. घागर पडल्याचा आवाज आला आणि एक बाई धावत आली, पदर सुटलेला, अनवाणी. तिला मी बेबीनंदा म्हणते. तिनं दार उघडलं, पोरीला दंडाला धरून असं ओढलं की पोरीचं डोकं दाराच्या कडेला आपटलं आणि ती रडायला लागली. पोरगी रडतेय आणि तिच्या शेजारी गोरी बाई, गाडी पांढरी. लांबून बघणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

"अहो, फोटो काढला फक्त," मी म्हणाले. "फोटो घे तुझ्या लेकीचा."

पेत्रानं काखेतून कागद काढून पुढं केला. बेबीनंदानं बघितलं. त्या पांढऱ्या कागदातून तेवढ्यात तिच्या लेकीचे डोळे वर येत होते, नाक अजून आलं नव्हतं. ती बाई मागं सरकली. मी त्या क्षणी तिचा चेहरा बघितला. ती चिडलेली नव्हती. भ्याली होती.

"तातेराव!" ती ओरडली. "भाऊजी, ते आले! फोटोवाले आले!"

तिचा दीर तातेराव गोठ्यातून आला, हातात तो दांडा. त्याच्यामागं आणखी चौघं. त्यानं आधी गाडीचा नंबर बघितला, मंग पेत्राकडं, मंग खिशातून फोन काढला आणि तुमचा मेसेज वाचला. मला पाठ झालाय, लिहिते.

"सावधान. आपल्या भागात लहान मुले पळवणारी टोळी फिरत आहे. पांढरी गाडी, सोबत गोरी महिला. अगोदर मुलांचे फोटो काढतात. संशयित दिसल्यास जाऊ देऊ नका. थांबवून ठेवा."

खाली वेळ होती, दुपारी चार दहा. आम्ही तेव्हा टेंभुर्णीत चहा पीत होतो.

"थांबवून ठेवा," तातेरावनं परत वाचलं, आणि हात आत घालून गाडीची किल्ली काढून घेतली.

भैय्या म्हणाले, "अहो दादा, ही आमच्या घरची पाहुणी आहे. शिकायला आलीय. मी टेंभुर्णीच्या कचरूलालजींचा मुलगा."

"कोणते कचरूलाल?"

"किराणा होता, मारुतीच्या पाराशेजारी."

"तिथं मोबाईलचं दुकान हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "खोटं बोलून राह्यला."

दहा मिनिटांत तीसेक माणसं झाली. एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर आमच्या गाडीपुढं आडवा लावला. सगळ्यांच्या हातात फोन, आणि ते फोन एकाच वेळी वाजायचे, टिंग, टिंग. वाजला की माणूस फोनकडं बघायचा, मंग आमच्याकडं. आमचाच फोटो त्या फोनांवर फिरत होता, हे मला उशिरा कळलं. एक जण नुसता उभा होता, काही बोलत नव्हता, हातातल्या हातात दगड फिरवत होता. बाकीचे ओरडत होते त्याचं मला एवढं नाही वाटलं. त्या न बोलणाऱ्याकडंच माझी नजर जायची.

पेत्रानं माझा पदर धरला. "रेणूताई, ते काय म्हणून राह्यले?"

"काही न्हाई. गाडीचं विचारून राह्यले."

"खोटं," ती म्हणाली. मराठी मीच शिकवलेली.

आम्ही बायका गाडीत शिरलो आणि भाभींनी तिला मधे घेतलं. भाभींच्या मांडीवर फोन होता, तो थरथरायला लागला. स्क्रीनवर मुस्कानचं नाव. तिकडं दुपार असते, रविवारी ती याच वेळी फोन करते, पेत्राची आई शेजारी बसलेली असते. भाभींनी उचलला नाही. कापला पण नाही. दोघी त्या नावाकडं बघत राहिल्या, वाजून वाजून बंद होईपर्यंत. मंग भैय्यांनी तुम्हाला फोन लावला. सहा बाराला. तुमचा माणूस म्हणाला, "गाडी रवाना करतो. तवर लोकांना समजावून सांगा."

समजावून सांगा! कोणाला, त्या दगडवाल्याला?

"ओढा रे त्या गोरीला बाहेर," कुणीतरी म्हणालं. "कपडे बघा, पोरं भरायची पिशवी असंल कुठं."

मी उतरून दारासमोर उभी राहिले. म्हणाले, "ओ भाऊ, मी तुमच्यातलीच हाये. धनगराची लेक हाये. माझा बाप आबाराव, मेंढरं होती आमची. यांच्या घरी कामाला हाये मी."

"कुठली तू?"

"अंबडकडची."

"अंबड!" तातेराव हसला. "आम्ही भोकरदनकडचे. अंबडचा आबाराव इथं कोणाला ठावा?" मंग त्यानं मला न्याहाळलं आणि आवाज खाली घेतला. "कामाला हायेस ना? मंग तू बाजूला हो. तुला कुणी काही करणार न्हाई. तू जा घरला."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आता लिहिते. माझा पाय उचलला होता. खरंच उचलला होता. माझी दोन लेकरं घरी होती आणि रस्ता मोकळा दिसत होता. पण पेत्राच्या मुठीत माझा पदर होता, आणि पाय उचलला तसा तो ताणला. मी पाय परत खाली ठेवला. माझ्या मोठेपणाचं यात काही नाही. पदर सुटा असता तर मी कुठं असते, मला माहीत नाही.

तेवढ्यात माणसांतून वाट काढत एक म्हातारी आली. केशरबाई म्हणू. पाठीत वाकलेली, हातात पितळी लोटा. तिला सगळ्यांनी जागा दिली. बहुतेक सगळ्या वस्तीची नाळ तिनंच कापलेली असावी, असं तिच्याशी बोलायचे.

"काय रे, मारून राह्यले काय?" ती म्हणाली.

"आजी, टोळी हाय."

"टोळीत म्हातारी बाई असती का रं?" ती बाईजींकडं बघून म्हणाली. "बघा, मी पाणी आणलंय. आपल्या घरचं पाणी जो पिईल तो आपल्या घरचं लेकरू न्हेणार न्हाई. पिऊ द्या त्यांना. पिले तर पाहुणे. न पिले तर तुमचं तुम्ही बघा."

साहेब, मला अजून कळत नाही ती आम्हाला वाचवत होती का परीक्षा घेत होती. दोन्ही असेल. पण माणसं जरा गप झाली. भैय्यांनी ओंजळ धरली, गटागटा प्याले. भाभी प्याल्या. मी प्याले. पेत्राला घरात आम्ही उकळून देतो, बाहेरच्या पाण्यानं ती आठवडाभर झोपली होती एकदा. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, ती प्याली. हनुवटीवरून पाणी गळालं.

मंग लोटा बाईजींपुढं आला.

मी आकाशाकडं बघितलं. सूर्य कधीच गेला होता. पश्चिमेला नुसता तांबडा पट्टा.

बाईजींनी ओठ मिटले. हात जोडले आणि मान हलवली, नको.

दगड फिरवणाऱ्यानं दगड फिरवायचं थांबवलं.

"बघा," तातेराव म्हणाला. "सगळे पिले, ही पिईना. हीच मुख्य हाय."

"अहो न्हाई!" मी ओरडले. "त्यांचा नियम हाय. जैन हायेत त्या. सूर्य बुडाल्यावर पाणी पीत न्हाईत, सव्वीस वर्षं झाले!"

"ते लोक रातचं जेवत न्हाईत ते ठावं हाय आम्हाला. पाण्याला काय होतंय? आणि हा पिला की, तिचा पोरगा. तो जैन न्हाई का?"

एका घरात एक जण पाळतो, एक जण नाही पाळत. दिवसाउजेडी शांतपणानं सांगितलं तर कुणालाही पटतं. तिथं पटेना. जितकं मी सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं, मलासुद्धा. केशरबाई लोटा धरून उभीच. ती हळूच म्हणाली, "पी गं माय. माझं कोण ऐकंल आता?"

मागून पहिला दगड आला. काचेवर. काच फुटली नाही, तडा गेला. पेत्रा किंचाळली नाही, नुसता आत श्वास घेतला, लहान लेकरू झोपेत घेतं तसा.

बाईजींनी तो आवाज ऐकला. वळून पेत्राकडं बघितलं. मंग माझ्याकडं. म्हणाल्या, "रेणू, मुस्कान तिकडं या वक्ताला जेवत असंल ना?"

"हो बाईजी."

"तिची आई वाढत असंल." म्हणजे पेत्राची आई.

मंग त्यांनी स्वतःच्या हातानं लोटा घेतला. कुणी हात धरला नाही, कुणी तोंड उघडलं नाही, कुणी बोट लावलं नाही. एक घोट. गिळताना त्यांचे डोळे उघडे होते.

"पिली!" केशरबाईचा आवाज फुटला. "पिली रे! आता हात लावाल तर माझ्याशी गाठ हाय."

तुम्हाला वाटेल संपलं. नाही संपलं, कारण तुमचा मेसेज एका वस्तीला नव्हता गेला. अर्ध्या तासानं शेजारच्या गावातून मोटारसायकली आल्या, एकेकीवर तिघं-तिघं. त्यांनी पाणी पिलेलं बघितलं नव्हतं. तातेराव त्यांना म्हणाला, "थांबा, पाहुणे हायेत, पाणी पिले आपलं." ते म्हणाले, "आम्हाला फसवतो काय? आमच्यासमोर पिऊ दे." तातेराव हातात दांडा घेऊन आता आमच्या बाजूनं उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्या मेसेजच्या जोरावर तो आमच्या अंगावर आला, तोच मेसेज आता त्याच्या अंगावर येत होता.

बाईजी दुसरा घोट प्याल्या.

आम्हाला केशरबाईच्या ओट्यावर बसवलं. पोरगी, जिच्यामुळं झालं ती, आईच्या मांडीवरून सगळ्यांना सांगत होती, "आजीनं ताटाचं पाणी पिलं, खरंच पिलं." कुणी ऐकत नव्हतं. बेबीनंदा फोटो हातात घेऊन बसली होती. पूर्ण उमटला होता आता, पोरगी तोंड भरून हसतेय. ती माझ्याकडं बघायची आणि खाली बघायची.

आठला आणखी एक जीप आली. जीपचे दिवे दिसले तशी पेत्रा उठून उभी राहिली. तिला वाटलं पोलीस असतील, मला पण वाटलं. नव्हते. उतरणारे सगळे अनोळखी, एकाच्या हातात लोखंडी पाईप. ते काही बोलायच्या आत बाईजी केशरबाईकडं वळल्या.

"ला बाई," म्हणाल्या, "लोटा दे."

तिसरा घोट त्यांनी उभं राहून घेतला, सगळ्यांना दिसेल असा.

तुम्ही आले आठ पंचवीसला. सहा बाराला रवाना झालेली गाडी! उतरल्या उतरल्या तुम्ही काय विचारलं, आठवतं का? "परदेशी मुलीचा पासपोर्ट कुठंय? तिला खेड्यात आणायची परवानगी कुणी दिली?" कुणाला लागलं का, हे नाही विचारलं. आठ चाळीसला ग्रुपवर दुसरा मेसेज पडला. "सदर मेसेज ही अफवा आहे, कोणीही विश्वास ठेवू नये." तातेरावनं तो मला दाखवला.

गाडीत बसल्यावर बाईजी एवढंच म्हणाल्या, "आज प्रतिक्रमण राह्यलं." संध्याकाळची त्यांची ती प्रार्थना, तिचीही वेळ गेलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. तीन घोटांचे तीन दिवस. दिवसा फक्त उकळलेलं पाणी. मी हातापाया पडले, भैय्या पडले. म्हणाल्या, नियम मोडला ते मी मोडला, कुणावर राग न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघराच्या दारात त्या बसल्या त्या उठेनात. मी आणि पेत्रानं उचलून आणलं. त्याच संध्याकाळी पेत्राला इथं पाठवणाऱ्या संस्थेची माणसं आली आणि तिला घेऊन गेली, इथं सुरक्षित न्हाई म्हणून. जाताना ती बाईजींच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "दादी, पाणी पी की. अजून ऊन हाय." बाईजींनी तिच्या हातून पाणी घेतलं.

मुस्कान तिकडंच आहे. तिला तिकडच्या आईनं घालवलं नाही.

तर साहेब, तुमच्या कागदात लिहिलंय बळजबरी. बळजबरी झाली, मी नाही म्हणत नाही. पण लोटा धरणाऱ्या म्हातारीनं नाही केली. तुम्हाला तिचं नाव पाहिजे, तातेरावचं पाहिजे, अंबडच्या आबारावच्या लेकीनं धनगरांची नावं सांगावी असं पाहिजे, म्हणजे शेठ लोक एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, आणि मधून तुम्ही मोकळे. दगड मारणाऱ्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर तेवढं नक्की सांगितलं असतं. ज्या बाईला स्वतःच्या लेकीचा फोटो बघून भूत बघितल्यासारखं वाटलं, तिच्या डोक्यात ते भूत कुणी घातलं, त्याचं नाव मला माहीत आहे का? नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

मी तुमच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून हे लिहिलं आणि शिपायाच्या हाती आत दिलं. मी इथंच बसलेली आहे. बाईजींच्या पाण्याची वेळ आज सहा-आठला आहे, त्याच्या आत मला घरी जायचंय.

त्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो मेसेज कुणी टाकला? खरा आहे का, म्हणून टाकायच्या आधी कुणाला विचारलं? आणि सहा बाराला भैय्यांच्या फोनवरून तो खोटा आहे हे कळल्यावर आठ चाळीसपर्यंत तुम्ही कशाची वाट बघत होते?

लिहून द्या. खाली तुमची सही करा.